शेवटची अट

चाकणच्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला पुण्याहून समिती आली, तेव्हा आल्हाट मास्तरांच्या कोटाच्या खिशात पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या कारकुनीचं पत्र होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. बारा वर्षं फळ्यासमोर खोकून झालं होतं. घरी बायकोनं, ठकुबाईनं, ट्रंक भरून ठेवली होती. “आता मागं फिरायचं न्हाई,” तिनं बजावलंही होतं.

समिती गेली की प्राचार्यांना सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. पण जाता जाता कॉलेजचं भलं करून जावं म्हणून त्यांनी महिनाभर राबून सामान्य ज्ञानाचा अभ्यासक्रम नव्यानं बसवला. पंचायतीच्या कारभारापासून देवीच्या लशीपर्यंत, समितीनं काहीही विचारलं तरी खेड्यापाड्यांतली मुलं न अडखळता बोलली. अध्यक्ष खूश झाले.

“असं पुण्यातही कुणी शिकवत नाही. मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. अहवाल तुम्हीच लिहून घ्या.”

मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मान्यता देण्यात येत आहे.’ प्राचार्यांनी डोळे पुसले.

“पुढे लिहा,” अध्यक्ष म्हणाले. “अट एकच. हा विषय पाच वर्षं आल्हाट मास्तरांनीच शिकवावा. ते गेले तर मान्यता रद्द.”

मास्तरांचा टाक कागदावर थांबला.



प्राचार्य हात जोडून म्हणाले, “साहेब, पाच कशाला? दहा घाला. मास्तर कुठं जातायत.”