दोन चमचे चहा

डॉक्टर आले तेव्हा भगवानरावांना ओसरीवर निजवलं होतं. हनुवटीला फडकं बांधलेलं होतं. केळापूरहून आलेल्या त्यांच्या बहिणीनं, मानीबाईंनी, भावजय लीलाबाईंना एकच गोष्ट दोनदा विचारली होती. भावाच्या तोंडात शेवटी पाणी पडलं का? कोरड्या तोंडानं गेलेला जीव घरातच घुटमळतो, असं त्यांचं म्हणणं.

"सहाच्या सुमाराले दोन चमचे चाय पेले ते माह्या हातानं," लीलाबाई म्हणाल्या. "अंधारातच पाजली, लाइन गेलती. मंग मान टाकली त्यायनं."

"चाय म्हनजे त्याले पान्यापरीस जास्त," मानीबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

ग्रामपंचायतीत नोंद करायला डॉक्टरांचा दाखला लागणार होता. दोन वर्षं तेच भगवानरावांना तपासत होते. त्यांनी हात उचलून पाहिला. कोपर वाकत नव्हतं. आठ वाजायचे होते.

ते फॉर्म घेऊन अंगणात आले. सून सुरभी मागोमाग आली. दोन तासांत अंग इतकं ताठत नाही, सासरे रात्रीच गेले असावेत, असं त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं.

"मले मालूम हाये," सुरभी ओसरीवरच्या सासूकडे पाहत म्हणाली. "सगळी चाय उशीवर होती. मी खोळ बदलून टाकली. त्यायले नाही सांगितलं."

डॉक्टर पेन धरून उभे राहिले. सही त्यांची होती. रात्रीची वेळ लिहितो, म्हणाले, पंचायतीत कोण वाचत बसतं.

"आत्याबाई वाचतीन," सुरभी सासूबद्दल म्हणाली. "साक्षरतेच्या वर्गात शिकल्या. घरात आलेला कागद सोडत नाही त्या."

डॉक्टरांनी ओसरीकडे पाहिलं. मग लिहिलं, सकाळी ६.१०.

लीलाबाईंनी कागद मागून घेतला. अक्षराखाली बोट ठेवत त्या नवऱ्याच्या नावावरून, वयावरून, गावावरून खाली आल्या. मानीबाई सरकून ऐकत होत्या. वेळेपाशी बोट थांबलं. सुरभी हलली नाही.

"दहा नाही, डॉक्टर," लीलाबाई म्हणाल्या. "सहा वाजून पाच झालते. लाइन आली अन् मी घड्याळ पाह्यलं. कागदावर खरं पाह्यजे."

डॉक्टरांनी कागद परत घेतला. दहा खोडून वर पाच लिहिलं, आणि खोडलेल्या जागी, नियमाप्रमाणे, सही केली.