यंत्राचा कान

चिखलदऱ्याच्या कॉफीमळ्यात यंत्राने शेवटच्या जुन्या झाडाला आपला नळीसारखा कान लावला आणि त्याचा लाल दिवा पेटला. खोडात अळी होती. ज्यातून कुरतडण्याचा आवाज येईल ते कापायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

"मावशी, बाजूला व्हा," यंत्र चालवणारी शर्वरी म्हणाली.

सुकरती कासदेकर हलली नाही. झाड तिच्या सासूने लावलेलं होतं. तेव्हा बायका काथ्याने खोडं घासायच्या, म्हणजे भुंग्याला अंडी घालायला सालीत फट उरत नसे. यंत्रं आली आणि घासणं बंद झालं.

तिने सायकलची तार खोडाच्या भोकात घालून जिवंत अळी ओढून काढली.

"घे, निघाली. आता कशाला कापतेस?"

"एकदा नोंद झाली की ते कुणाचं ऐकत नाही, मावशी."

"असं?" सुकरतीने अळी भुशासकट यंत्राच्या कानात सोडली.

आत कुरतडणं सुरू झालं. यंत्र थबकलं, आणि मग त्याने करवत स्वतःच्याच कानाकडे वळवली.

"मावशी, थांबवा त्याला!" शर्वरी ओरडली.

"कुणाचं ऐकत नाही ना ते?" सुकरती म्हणाली आणि काथ्या घेऊन खोड घासायला बसली.