चमचाभर पाणी

“तुझ्या हातचं नको, बाई.” नामाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

कोमल सिस्टर पाण्याचा पेला धरून तशीच उभी राहिली. म्हातारा कालपासून चांगला सुधारत होता. ऑक्सिजनने घशाला कोरड पडलेली, जीभ सारखी ओठांवरून फिरत होती, तरी नको म्हणत होता.

“काहून, बाबा? साधं पाणी आहे.”

“इथं पडल्या पडल्या समदं पाहून राहिलो मी. तू ज्याच्या तोंडात पानी घातलंस, त्यो उठला न्हाई.”

कोमल मास्कआड हसली. हसू कसलं, रडू येऊ नये म्हणून केलेली सोय. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. कोविड वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव होता. शकुबाई शेवटच्या घटका मोजत होत्या, तेव्हा त्यांचा मुलगा भीमराज गेटवर हात जोडून म्हणाला होता, “ताई, माझ्या वाटचं तेवढं पानी घाला.” त्याने दिलेलं औंढ्याच्या देवळातलं तीर्थ तिने चमच्याने शकुबाईंच्या ओठांना लावलं. मग जो जाणार असं दिसे, त्याच्याजवळ ती चमचा घेऊन जायची. आपलं माणूस जवळ नाही ते नाही, निदान कोरड्या तोंडाने कुणी जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. दुसरं काही हातात उरलंच नव्हतं. त्या चमच्याच्या आधारावर घरी गेल्यावर तिला झोप लागायची.

आता तोही आधार गेला. तिने पेला वॉर्डबॉयकडे दिला. त्याच्या हातून नामाजी घटाघटा प्याले.

दुपारी ड्युटी सुटली. घरी येऊन तिने मागच्या दारी कढत पाण्याने आंघोळ केली, कपडे उकळत टाकले. ओसरीवर जरा टेकते तोच राजनंदिनी उन्हातून खेळून धावत आली.

“आई, पाणी दे.”

कोमलने माठातून पेला भरला. लेकीच्या ओठांपर्यंत नेला आणि तिला वॉर्डातला चमचा आठवला. तिने पेला खाली ठेवला.

“आजीच्या हातनं पी, बाळा.”

सासूबाई, नर्मदाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली. “काहून? आंघोळ झाली न्हवं तुझी? दे की लेकराला.”

“आंघोळीनं जात न्हाई ते, आत्या,” कोमल म्हणाली.