जास्तीचं काढून टाका

"हे ऑप्टिमायझेशन म्हणजे काय रे?" जेवताना म्हाताऱ्या वडिलांनी विचारलं.

"पूल पडणार नाही इतकंच लोखंड ठेवायचं, बाकीचं काढायचं," इंजिनिअर मुलगा म्हणाला.

"आमच्या ऑफिसात माणसं काढतात. काम अडणार नाही इतकीच ठेवतात," मुलगी म्हणाली.

हात धुऊन होताच दोघांनी वडिलांजवळ दिवसरात्र राहणाऱ्या मावशींना कामावरून काढलं. "बाबा, तुम्ही तर ठणठणीत आहात! आणि आम्ही फोन करतोच की अधूनमधून."

"बरं बाबांनो. पण गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं, तर ते कळतं कसं?"

"बाबांचं आपलं काहीतरीच!" म्हणत दोघं आपापल्या गावी गेली.

 

ते आधी पेपरवाल्याला कळलं. दारात मागचे चार पेपर घडीसुद्धा न मोडता पडले होते.