आर्डिसच्या बाजूचं छत

थेंब पुन्हा आर्डिसच्या उशीवर पडला. व्हर्लिनने छताला एक शिवी हासडली आणि सिलिकॉनची नळी उचलून तो बाहेर शिडीकडे निघाला.

घर म्हणजे कमानीसारखे वाकवलेले पोलादी पत्रे. ते ट्रकवरून सुटे आले, आणि व्हर्लिनने शेजारच्या ड्वेनला हाताशी धरून नटबोल्टांनी जोडले. आता वर चढून तो सकाळपासून एकेक बोल्ट चाचपत होता. वायसर बदलून झाले, सांधे लिंपून झाले, मुंगी शिरायला जागा राहिली नाही. मोंटानाचं आभाळ निरभ्र होतं. मार्चच्या उन्हात अंगणातल्या बर्फाचा राडा झाला होता आणि छतावरचा बर्फ तर केव्हाच घसरून गेला होता. तरी आतला थेंब थांबत नव्हता. सगळं घर सोडून त्याला मेलेल्या बायकोची उशीच सापडावी, याचा व्हर्लिनला संताप येत होता.

ड्वेन पिकअपमधून उतरला आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला.

"त्या पत्र्याला अजून किती मलम लावणार आहेस? खाली ये. पडलास तर मलाच उचलावं लागेल, आणि माझी कंबर आधीच कामातून गेलीय."

"गळतंय."

"पाऊस कुठंय, लेका?"

व्हर्लिन उतरला.

आत शेगडी धडाडून पेटली होती. तिच्यावर एक रिकामी किटली होती. ड्वेनने चिखलाचे बूट दाराशी काढले. आर्डिस असती तर ओरडली असती, आणि ती सवय अजून सुटली नव्हती. पलंगावर उभं राहून त्याने छताला आतून ठोकलेली एक फळी उचकटली. थंडी अडवायला मागे भरलेलं ग्लासवूल भिजून ओल्या गोधडीसारखं खाली लोंबलं. त्याच्या मागे त्याने कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी कडकन मोडलं आणि बाहेर काढलं. तळहाताएवढी बर्फाची पांढरी खपली होती.

"हे बघ. पत्रा कुठंच गळत नाहीये. हे आतलंच पाणी आहे. वाफ वर गेली, गार पत्र्याला लागली आणि गोठली. अख्खा हिवाळा साठत गेलीय. आता ऊन तापलं की सुटतेय." त्याने ग्लासवूलखालचं प्लास्टिक चाचपलं. "तरीच. या सांध्याला चिकटपट्टी मारलेली नाही, इथूनच वाफ वर शिरली. बाकी सगळं घर कसं चोख बंद केलंयस. मग इथंच कसं राहिलं?"

कसं राहिलं ते व्हर्लिनला चांगलं ठाऊक होतं. तेवढी एकच पट्टी उरलेली असताना आर्डिसला इस्पितळातून घरी आणलं. दाराशी उभं राहायचंही तिला बळ नव्हतं. "पुरे झालं तुझं घर," ती म्हणाली होती. "आता मला त्यात आडवं होऊ दे." त्याने शिडी काढली आणि शेगडीची ऊब नीट लागावी म्हणून पलंग नेमका तिथेच टाकला. त्या पलंगावरून ती परत उठली नाही.

"वाफ कसली?" त्याने विचारलं.

"कसली म्हणजे? तिच्या छातीला बरं म्हणून तू रात्रंदिवस किटली उकळत ठेवायचास, तिची. आणि श्वासाची. माणूस नुसता पडून असला तरी—"

हातातली खपली कुठे ठेवावी ते ड्वेनला कळेना. व्हर्लिनने हात पुढे केला आणि ती घेतली.

सबंध हिवाळा तो तिच्याशेजारी अंधारात ते श्वास ऐकत पडायचा. एक गेला की पुढचा येतो का, याची वाट बघत. शेवटी एकदा पुढचा आला नाही. तेव्हा त्याला वाटलं होतं, संपलं सगळं, आता काही उरलं नाही.

"उद्या फोम फवारणाऱ्याला बोलावतो," ड्वेन म्हणाला. "आज हे सगळं ओढून काढू, पत्रा पुसून कोरडा करू. फोम पत्र्याला चिकटला की वाफेला वाटच उरत नाही. हे असंच ठेवलंस तर बोल्ट गंजतील, बुरशी धरेल, ती तुझ्या छातीत जाईल. हातचं घर जाईल, व्हर्लिन."

"फळी परत लाव."

"अरे, ऐक तरी."

"लाव परत. आणि त्याला इतक्यात बोलावू नकोस."

"मग कधी?"

"सगळं सुटून गेलं की."

ड्वेनने फळी ठोकली. दाराशी वाकून बूट चढवताना तो म्हणाला, "ती असती तर तुला कान धरून शिडीवर चढवलं असतं."

"ती असती तर," व्हर्लिन म्हणाला.

पिकअप गेली. तळहातावरची खपली वितळून मनगटावरून बाहीत उतरली होती. ऊन टेकड्यांमागे गेलं. व्हर्लिनने शेगडीतली जळती लाकडं चिमट्याने एकेक काढून बाहेरच्या बर्फात टाकली. मग पुढचं दार सताड उघडलं, मागचंही. आर्डिसला वारा लागू नये म्हणून दोन्ही दारांच्या कडांना त्याने स्वतःच्या हातांनी रबराच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. माळावरची थंडी सरळ आत आली आणि फळीमागे उरलेल्या बर्फापर्यंत पोचली.

कोट चढवून, टोपी कानांवर ओढून तो पलंगाशी खुर्ची घेऊन बसला. थेंबांमधलं अंतर वाढत चाललं होतं. तो कान देऊन ऐकत राहिला. एक पडला की पुढचा येऊ नये, याची वाट बघत.