शिवणीतली माया
सांख्यिकी सहायक म्हणून परगावी रुजू व्हायला निघालेली लेक शिंपी असलेल्या बाबांवरच सर्वेक्षणाचा सराव करत होती. बाबा तिच्या नव्या कोटाला बाही जोडत होते. “घरात माणसं किती?” तिनं साहेबी थाटात विचारलं. “दोन. एवढंही दिसत नाही, आणि चालली मोजायला!” ती हसली. “चुकलात! सहा महिने बाहेर राहणारं माणूस धरायचं नसतं. म्हणजे एकच.” बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं. मशीन थांबलं. “आम्ही शिंपी कापड नेमकं मापाला कापत नाही,” बाबा म्हणाले. “शिवणीत माया सोडतो. पुढेमागे लागलं तर उसवून वाढवता येतं. तुमच्या मोजणीत नाही सोडत?” “नाही हो. तिथं नियम म्हणजे नियम.” बाबांनी दातानं दोरा तोडला आणि कोटाच्या शिवणीतल्या रुंद पट्टीवरून तिचं बोट फिरवलं. “असू दे. त्या मोजणीवाल्यांच्या वाटची मायाही मीच सोडलीय.”