भागीरथाबाईंच्या जागी

"भागीरथा रुपराव काळमेघ," दामिनीनं नाव पुकारलं आणि बाकावरून एक झुपकेदार मिशीवाला उठला. आत येऊन त्यानं शर्टाची बाही वर केली. "घ्या रक्त."

दामिनी नागपूरच्या एका दवाखान्यात, रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या अभ्यासासाठी माणसं नोंदवायची. शहरातले पुरुष तिला ढिगानं मिळाले होते. खेड्यातल्या तीस बायका मात्र मिळता मिळत नव्हत्या. एकोणतीस जमल्या होत्या. संध्याकाळी नोंदणी बंद होणार होती आणि एक जरी कमी पडली तरी बायकांचा गटच रद्द होणार होता. अशा वेळी तिसावी ही अशी मिशी घेऊन आली होती.

"काका, भागीरथाबाई कुठे आहेत?"

"घरी. मी तिचा नवरा, रुपराव. नरखेडकडच्या आमच्या गावची सरपंच हाय ते. तिचं सारं मीच पाहतो."

सारं म्हणजे सारंच. ग्रामपंचायतीत सरपंचाच्या खुर्चीवर तो बसायचा. झेंडा तो फडकवायचा. बायकोच्या सत्काराचा हार त्याच्या गळ्यात पडायचा. साडी-चोळी तेवढी नाइलाजानं तिच्याकडे जायची. मग रक्तही आपणच द्यायचं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

"पण रक्तदाब त्यांना आहे ना, काका."

"मंग? तीस वर्सं झाले, एकाच चुलीवरचं खाऊन राहिलो आम्ही. जे तिचं, तेच माहं."

"असंच धरून आजवर औषधं पुरुषांवर तपासली आणि बायकांना दिली," दामिनी म्हणाली. तिला आता रडू यायचंच बाकी होतं.

रुपराव जरा वरमला. "तिनंच धाडलं मले. म्हणे, तुम्हीच जा, मले काय समजते त्यातलं."

दामिनीनं अर्जावरचा नंबर लावला. फोन लगेच उचलला गेला. मागे माणसांचा गलका होता. आजच्या आज या हो, असं तिनं अक्षरशः विनवलं.

"येते नं मॅडम, दोनच्या एसटीनं," भागीरथाबाई हळूच म्हणाल्या. "तोवर त्यायले तिथंच बसवून ठेवा. आज सभा लावली मी. पयल्यांदाच माह्या खुर्चीवर मी बसून राहिली."